नागपुरात रात्री फुलणारी, वासाची हंगामी फुलं : कोणती लावायची आणि कधी?

त्रिमूर्तीनगरकर :

नमस्कार मंडळी,

भाड्याचं घर आहे, पुढे साधारण दहा बाय बारा फुटांचं अंगण. घरमालक भला माणूस आहे, पण जमिनीत मोठी झाडं-झुडपं रुजवायला त्यांची हरकत आहे. एका हंगामात उगवून फुलून जाईल असं काही लावलंत तर चालेल, म्हणाले. म्हणजे रातराणी, पारिजातक, मोगरा सगळे बाद.

दुसरी अडचण वेळेची. आम्ही दोघंही सकाळी साडेआठला बाहेर पडतो, घरी येईतो सात वाजतात. दिवसा फुलणारं काही लावलं तर ते फक्त रविवारी दिसणार. त्यामुळे अंधार पडल्यावर वास देणारी फुलंच लावायची असं ठरवलंय. आई संध्याकाळची पायरीवर बसते. तिला आता नीट दिसत नाही, पण वास सगळ्यांच्या आधी तिला येतो.

शोधल्यावर निकोटियाना, नाइट सेंटेड स्टॉक, मूनफ्लॉवर, पेटुनिया अशी नावं मिळाली. पण जिथे तिथे ‘मार्च-एप्रिलमध्ये पेरा’ असंच लिहिलेलं. मार्चमध्ये पेरलेलं कोवळं रोप आपल्या एप्रिलच्या उन्हात टिकेल हे मला पटत नाही. माझ्या मते हे वेळापत्रक नागपूरसाठी पार उलटं करायला हवं. कुणी प्रत्यक्ष लावलंय का? कधी पेरलं, कशात लावलं, आणि वास खरंच आला का?

साधी_जुई :

मलाही हेच विचारायचं होतं. वाखूसा (वाचनखूण साठवली).

वऱ्हाडी_ठेचा :

गुलबक्षी लावा नं भाऊ, एवढं काहून शोधून राहिले? मिऱ्यासारखं काळं बी, जमिनीत बोटभर खुपसलं की झालं. खत मागत नाही, औषध मागत नाही. आमच्या महाल भागातल्या जुन्या वाड्यात तर कुणी पेरतही नाही, पाऊस पडला की आपोआप येते. चार-साडेचारला फुलते, रात्रभर राहते, सकाळी ऊन चढलं की मिटते. तुम्ही सातला घरी येता तेव्हा पूर्ण फुललेली असेल.

पुणेरी_कुंडी :

गुलबक्षीला वास असतो? आमच्याकडे आहे, मला तर कधी जाणवला नाही.

वऱ्हाडी_ठेचा :

दुपारी हुंगून पाहता का मग? रात्री नऊनंतर जा, वारा पडलेला असला पाहिजे. हलका असतो, पण असतो. एका झाडाने भागत नाही, ताटवा लागतो.

खडू_फळा :

त्रिमूर्तीनगरकर, तुमचं मत बरोबर आहे आणि त्याचं कारण साधं आहे. मार्च-एप्रिलची शिफारस करणारे लोक थंड देशात राहतात. त्यांचा उन्हाळा म्हणजे दिवसा वीस-पंचवीस अंश आणि रात्री बारा-पंधरा. आपल्याकडे त्याच्या जवळपासचं हवामान नोव्हेंबर ते फेब्रुवारी असतं. नागपूरने मे २०१३ मध्ये ४७.९ अंश पाहिलंय आणि डिसेंबर २०१८ च्या अखेरीस ३.५ अंशही पाहिलंय. या दोन टोकांमधल्या मोकळ्या जागेत या नाजूक मंडळींना बसवायचं. त्यांचा उन्हाळा म्हणजे आपला हिवाळा.

तुम्ही जी चार नावं दिलीत त्यांचे सरळ दोन गट पडतात. निकोटियाना, स्टॉक आणि पेटुनिया थंडीतली. मूनफ्लॉवर, म्हणजे चांदवेल, उष्ण प्रदेशातली. तिला पावसाळा हवा. गुलबक्षीही याच दुसऱ्या गटात. सगळं एकाच वेळी पेरलंत तर अर्धं वाया जाईल.

गुलबक्षीवरून आठवलं, मी वनस्पतीशास्त्र शिकवत असताना मुलांना हे झाड वर्गात नेऊन दाखवायचो. लाल आणि पांढऱ्या गुलबक्षीचा संकर केला की पहिल्या पिढीत गुलाबी फुलं येतात, हे पुस्तकात सगळ्यांनी वाचलेलं असतं. त्याहून मोठी गोष्ट पानांची आहे. जर्मन शास्त्रज्ञ कार्ल कॉरेन्स यांनी १९०९ मध्ये पांढरट-हिरव्या ठिपक्यांच्या गुलबक्षीवर प्रयोग केले आणि दाखवलं की पानांचा हा रंग फक्त मातृवृक्षाकडून पुढे जातो, परागकण कुठल्याही झाडाचे असोत. पेशीकेंद्राच्या बाहेरही आनुवंशिकता असते याचा तो पहिल्या पुराव्यांपैकी एक. तेव्हा ठेचासाहेबांच्या वाड्यातलं झाड साधं समजू नका.

आणि हो, आपण जिला गुलबक्षीची पाकळी म्हणतो ती पाकळी नाहीच. तो रंगीत निदलपुंज आहे, म्हणजे इतर फुलांत पाकळ्यांखाली जी हिरवी दलं असतात ती; खऱ्या पाकळ्या तिला नसतात.

वऱ्हाडी_ठेचा :

सर, उद्याच आईला सांगतो की आपल्या वाड्यात जर्मन संशोधन उगवून राहिलं.

मातीचे_हात :

मी निकोटियाना अनेक हिवाळे लावत आलेय, प्रतापनगरला. सविस्तर लिहिते.

बी अतिशय बारीक असतं, चिमटीत धरलं तर शेकडो दाणे येतात. कोरड्या बारीक रेतीत मिसळून पसरायचं आणि वर माती अजिबात घालायची नाही. उजेड मिळाला तरच ते रुजतं. पाणी वरून ओतायचं नाही, ट्रे परातीतल्या पाण्यात ठेवायचा म्हणजे खालून ओल चढते. आठ-दहा दिवसांत हिरवी बुरशी आल्यासारखी माती दिसायला लागते, तीच तुमची रोपं. चार पानांची झाली की सुई नाहीतर उदबत्तीच्या काडीने उचलून वेगळी करायची.

वेळ : बी दसऱ्याच्या आसपास, रोपं दिवाळीनंतर कुंडीत, फुलं डिसेंबरच्या शेवटापासून होळीपर्यंत. त्याआधी घाई केली तर ऑक्टोबरचं ऊन कोवळ्या रोपांना सोसत नाही.

आता महत्त्वाचं. बाजारात बुटक्या, रंगीबेरंगी संकरित निकोटियाना मिळतात. त्या दिवसाही उघड्या राहाव्यात म्हणून तयार केल्या आहेत आणि त्या खटाटोपात बहुतेकींचा वास गेलाय. तुम्हाला हवी ती उंच, पांढरी निकोटियाना अलाटा किंवा निकोटियाना सिल्व्हेस्ट्रिस. अलाटा दिवसा मलूल दिसते, फुलं अर्धवट मिटून माना टाकतात. पाहुणे विचारतात, याला पाणी नाही का घातलं? संध्याकाळी सहानंतर तेच झाड ताठ होतं, फुलं चांदणीच्या आकाराची उघडतात, आणि वास असा की गेट उघडताच कळतं. सिल्व्हेस्ट्रिस माणसाच्या छातीपर्यंत जाते, लांब पांढऱ्या नळ्या घोसाने खाली लोंबतात. ती कुंडीत नको, जमिनीतच.

पानं चिकट असतात, मावा आणि पांढरी माशी येतेच. आठवड्यातून एकदा पानाच्या खालून पाण्याचा जोरदार फवारा आणि निंबोळी अर्क, बस. तंबाखूच्या कुळातली आहे, सगळ्या भागांत निकोटीन असतं. लहान मुलं आणि गाई-शेळ्या यांच्यापासून लांब.

रात्रपाळी :

तंबाखूचा विषय निघालाच आहे तर एक सांगते. आमच्याकडे माळीकाम करायला येणारा मुलगा खर्रा (तंबाखू-सुपारीचं मिश्रण) घोटतो आणि त्याच हाताने रोपं खुडतो. पेटुनियाची पानं चितकबरी होऊन आकसायला लागली. याचा संबंध असू शकतो का?

खडू_फळा :

असू शकतो. तंबाखूवर मोझॅक नावाचा विषाणू असतो. तो वाळवलेल्या, प्रक्रिया केलेल्या तंबाखूतही जिवंत राहतो आणि हातावरून रोपांना लागतो. निकोटियाना, पेटुनिया, टोमॅटो, मिरची हे सगळे त्याला बळी पडतात. औषध नाही. चितकबरी रोपं मुळासकट उपटून टाका, खतात टाकू नका. आणि खर्रा खाणाऱ्याने साबणाने हात धुतल्याशिवाय रोपाला हात लावायचा नाही.

वऱ्हाडी_ठेचा :

हे वाक्य मोठ्या अक्षरात छापून नागपुरातल्या प्रत्येक नर्सरीत लावा. सरकारने पुडीवर एवढे फोटो छापले, कुणी खर्रा सोडला नाही. पेटुनियासाठी तरी सोडतील.

अंबाझरीकाठ :

पेटुनियाबद्दल मीही सांगतो, कारण बी पेरायचा उरक नसेल तर हा सगळ्यात सोपा रस्ता. नोव्हेंबरमध्ये नर्सऱ्यांत रोपं येतात. मात्र सगळ्या पेटुनियांना वास नसतो. पांढरी आणि गडद जांभळी घ्या, एकेरी पाकळीची. लाल, पट्टेवाली, झालरवाली दिसायला छान, पण वासाच्या नावाने शून्य. मूळ पांढरी जात दक्षिण अमेरिकेतली, रात्री उडणाऱ्या पतंगांसाठी वास सोडणारी. जांभळ्या जातीकडे दिवसा मधमाश्या जातात. आपल्या बागेतल्या पेटुनिया या दोघींच्या संकरातून आल्या, त्यामुळे कुणात पांढरीचा वास उतरला, कुणात नाही.

नर्सरीत दुपारी जाऊन हुंगू नका, काही कळणार नाही. पेटुनियाला स्वतःचं घड्याळ असतं, वास अंधार पडल्यावरच सोडते. संध्याकाळी नर्सरी बंद व्हायच्या वेळेला जा.

पुणेरी_कुंडी :

एवढी वाट कशाला बघायची? आम्ही पुण्यात जुलैमध्येच पेटुनिया लावतो, ऑगस्टमध्ये छान असते. नागपुरातही पावसाळ्यात हवा थंड होतेच की.

मातीचे_हात :

पुण्याचा पाऊस आणि आमचा पाऊस वेगळा. इथे जून मध्यावर सुरू होतो, जुलै-ऑगस्टमध्ये झडी लागते, आणि मधे चार दिवस उघडीप पडली की बत्तीस-तेहतीस अंशांत नुसता उकाडा. पेटुनियाचं फूल भिजलं की कागदासारखं चिकटतं आणि खोड बुडातून सडतं. पत्र्याखाली ठेवली तर जगेल, पण मग ऊन मिळत नाही. पावसाळ्यात इथे गुलबक्षी आणि चांदवेलच.

पुणेरी_कुंडी :

मान्य. माझ्याकडे वरून पारदर्शक पत्रा आहे हे लिहायचं राहिलं.

गच्चीवरची :

चांदवेलीबद्दल कुणीतरी नीट लिहा ना. आमच्या गच्चीवर आहे, नुसती पानं. एक फूल नाही.

अंबाझरीकाठ :

गच्चीच्या जवळ पथदिवा आहे का?

गच्चीवरची :

हो! बरोबर समोर, रात्रभर पांढरा लख्ख उजेड. तुम्हाला कसं कळलं?

अंबाझरीकाठ :

कारण या कुळातल्या बऱ्याच वेलींना कळी धरायला लांब, सलग अंधाराची रात्र लागते. सप्टेंबरपासून दिवस लहान व्हायला लागले की त्या कळ्या धरतात. दिव्याच्या उजेडात त्यांच्यासाठी रात्र होतच नाही. वेल गच्चीच्या दुसऱ्या बाजूला, टाकीच्या आडोशाला न्या. आणि नायट्रोजनचं खत, युरिया वगैरे देत असाल तर पूर्ण थांबवा, त्याने पानंच वाढतात.

खडू_फळा :

अंबाझरीकाठ यांचं म्हणणं बरोबर. पुढचं मी जोडतो. चांदवेल म्हणजे आयपोमिया अल्बा. रताळं आणि आपल्या नाल्याकाठचं बेशरम यांची नातेवाईक. बी टणक असतं, त्याची एक कड पॉलिश पेपरवर घासायची आणि रात्रभर कोमट पाण्यात भिजवायचं. फुगलेलं दिसलं तरच पेरायचं. जूनच्या पहिल्या पावसाबरोबर पेरली तर सप्टेंबरच्या शेवटी कळ्या, ऐन कोजागिरीला भर. फूल बारा-पंधरा सेंटिमीटर रुंद, पांढरंशुभ्र. दिवेलागणीला कळीजवळ उभं राहा. पिळलेली कळी आधी थरथरते, मग एक पट सुटतो, आणि दोन-तीन मिनिटांत पूर्ण फूल उघडतं, डोळ्यांदेखत. सकाळी ऊन लागलं की संपलं. एका फुलाचं आयुष्य एक रात्र.

या वेलीवर एक जाड, शेपटीकडे शिंग असलेली अळी येते. तिला मारू नका, हाताने उचलून दुसऱ्या रानटी वेलीवर सोडा. तीच पुढे मोठा करडा पतंग होते, पोटावर गुलाबी पट्टे असलेला. त्याची सोंड त्याच्या शरीराहून लांब असते आणि तो हवेत एका जागी थांबून निकोटियानाच्या नळीतला मध पितो. अळीने पानं खाल्ली म्हणून औषध मारलंत तर संध्याकाळी फुलांवर कुणी येणार नाही.

दवबिंदू :

मूनफ्लॉवर म्हणून मला एका ऑनलाइन दुकानातून जे बी आलं ते उगवल्यावर धोतरा निघाला. दोघांनाही हेच नाव का देतात?

खडू_फळा :

अमेरिकेत धोतऱ्याच्या काही जातींनाही हेच नाव आहे. फूल पांढरं, रात्री उघडणारं, सुवासिकही. पण धोतऱ्याचं बी, पान, फूल सगळं विषारी आहे. थोडंसं पोटात गेलं तरी भ्रम, हृदयाची धडधड, पुढे जिवावर. महादेवाला वाहायला लोक लावतात, ते वेगळं. ज्या घरात लहान मूल आहे त्या घरात नको. बी बघून ओळखता येतं : चांदवेलीचं जाड, मोठं, फिकट रंगाचं; धोतऱ्याचं चपटं, लहान, आणि फळ काटेरी.

दवबिंदू :

धन्यवाद सर. उपटून टाकला, हातमोजे घालून.

साधी_जुई :

निशिगंध कुणी काढलाच नाही! रात्रीच्या वासात त्याच्यासमोर कोण टिकेल?

मातीचे_हात :

निशिगंध हंगामी नाही ना जुई, कंद आहे. धागा हंगामी फुलांचा.

साधी_जुई :

पण भाड्याच्या घराला तर उत्तमच. घर सोडताना कंद खणून घेऊन जायचे. घरमालकाला काय हरकत?

त्रिमूर्तीनगरकर :

हे माझ्या डोक्यात आलंच नव्हतं. कंद चालतील. सांगा, सांगा.

साधी_जुई :

एकेरी फुलाचा घ्या, त्याला वास जास्त. दुहेरी पाकळीचा हारात छान दिसतो पण वासाला उणा. बेंगळुरूच्या भारतीय बागवानी संशोधन संस्थेच्या ‘शृंगार’ आणि ‘प्रज्वल’ या एकेरी जाती चांगल्या आहेत. कंद मार्च-एप्रिलमध्ये लावायचे, पावसाळ्यात आणि नंतर दांडे येतात. काळ्या मातीत पाणी साचलं तर कंद सडतो, म्हणून वाफा उंच करायचा.

कोराडी_रोड :

मातीचं बोला जरा. आमच्याकडे नुसती काळी चिकण माती आहे. पावसात चिखल, उन्हात हाताएवढ्या भेगा.

मातीचे_हात :

काळी माती एकटी वापरायचीच नाही. ती ओली झाली की फुगते, वाळली की आकसते आणि कोवळी मुळं तुटतात. मी एक भाग काळी माती, एक भाग कन्हानची जाड रेती, एक भाग पूर्ण कुजलेलं शेणखत घेते. वर मूठभर निंबोळी पेंड. शेणखत ताजं असेल तर हुमणी (मुळं खाणारी अळी) लागते, हातात घेऊन बघा, शेणाचा वास आला तर अजून तयार नाही. जमिनीत लावायचं असेल तर सहा-आठ इंच उंच वाफा आणि तळाला मुरूम.

आणि कूलरचं पाणी झाडांना घालू नका. एप्रिल-मेमध्ये नागपुरातलं प्रत्येक घर हेच करतं. कूलरमधून पाणी उडून जातं, क्षार मागे राहतात, टाकीत उरतं ते नुसतं खारट पाणी. कुंड्यांच्या कडेला पांढरा थर दिसतो तो तोच. हंगामी झाडांच्या पानांच्या कडा त्यानेच जळतात. कूलरची टाकी डेंग्यूच्या डासांसाठी दर आठवड्याला रिकामी करायलाच हवी, ते पाणी अंगण धुवायला वापरा.

रात्रपाळी :

रातराणीने साप येतात हे खरं का? आमच्या सोसायटीत ठराव होऊन रातराणी तोडली. वाईट वाटलं.

खडू_फळा :

नाही. साप फुलांच्या वासामागे येत नाही. तो उंदीर, बेडूक, पाली यांच्यामागे येतो, आणि झुडूप दाट, खाली पालापाचोळा असेल तर त्याला लपायला जागा मिळते. मग ते झुडूप रातराणीचं असो की कढीपत्त्याचं. बुडाशी साफ ठेवा, फांद्या वीतभर उंचीपर्यंत छाटा, धान्याची कोठी बंद ठेवा. नागपुरात घोणस, नाग, मण्यार तिन्ही आहेत; दिसला तर सर्पमित्राला बोलवा, स्वतः काही करू नका.

काटोलकडचा :

विषय थोडा सोडून लिहितो. या धाग्यावरच्या सगळ्यांनी एकदा जानेवारी-फेब्रुवारीत आंब्या बहाराच्या (संत्र्याच्या फुलोऱ्याच्या) वेळी रात्री आमच्या काटोल-कळमेश्वरकडच्या संत्र्याच्या बागेत यावं. कुठल्याही कुंडीतल्या फुलाची गरज पडणार नाही. पहाटे दोन वाजता मोटर सुरू करायला जातो तेव्हा पाण्याचा आणि फुलांचा वास एकत्र येतो. विजेच्या वेळापत्रकाने आमची झोप घालवली, पण हे एक दिलं.

वऱ्हाडी_ठेचा :

दादा, पत्ता टाका. आम्ही येऊन राहिलो, सावजी घेऊन.

काटोलकडचा :

सावजीचा मसाला उघडला तर संत्र्याच्या फुलाचा वास कसा येणार?

त्रिमूर्तीनगरकर :

सगळ्यांचे मनापासून आभार. इतकं मिळेल असं वाटलं नव्हतं. आता दोन शंका राहिल्या. एक, नाइट सेंटेड स्टॉकबद्दल कुणीच लिहिलं नाही. दोन, कुठे लावायचं? अंगण पश्चिमेला तोंड करून आहे, पायरीच्या उजवीकडे घराची भिंत.

दवबिंदू :

स्टॉक मी लावलाय, लिहिते. झाड अगदी सामान्य, हात-दीड हातापेक्षा कमी, राखाडी-हिरवं, लोळणारं. दिवसा बघितलं तर उपटून टाकावंसं वाटतं, फुलं चुरगळलेली, फिकट जांभळी, चार पाकळ्यांची. अंधार पडला की तीच सरळ होतात आणि लवंग, व्हॅनिला यांच्या जवळचा गोड वास येतो. मोहरीच्या कुळातलं आहे, त्यामुळे मोहरीचा मावा त्याच्यावर हमखास येतो. रोप हलवलेलं त्याला सहन होत नाही, म्हणून जिथे फुलं हवीत तिथेच बी टाका, दिवाळी झाल्यावर, हवा थंड झाल्याची खात्री करून. पंधरा-पंधरा दिवसांनी थोडं थोडं पेरलं तर फेब्रुवारीपर्यंत पुरतं. मार्च उजाडला की संपलं, त्याला ऊन अजिबात चालत नाही.

नर्सरीत ‘स्टॉक’ म्हणून जो भरगच्च दांड्याचा मिळतो तो वेगळा. त्यालाही वास आहे, पण रात्रीचा हवा असेल तर बियांच्या पाकिटावर मॅथिओला लाँगिपेटाला हे नाव बघूनच घ्या.

अंबाझरीकाठ :

जागेचं मी सांगतो, कारण मला वाटतं फुलाइतकंच जागेवर अवलंबून आहे. पश्चिमेची भिंत ही तुमच्यासाठी वरदान आहे. दुपारभर तापलेली भिंत रात्री दहा-अकरापर्यंत ऊब सोडत राहते. डिसेंबर-जानेवारीच्या कडक थंडीत, पारा सात-आठ अंशांवर आला की फुलं उघडी असूनही वास दबतो, कारण सुगंधी तेलं उडायला थोडी ऊब लागते. निकोटियाना आणि पेटुनिया भिंतीला लागून ठेवल्या तर तो फरक पडतो. शिवाय आपल्याकडे हिवाळ्यात वारा बहुतेक उत्तर-ईशान्येकडून असतो. घराच्या आडोशाला पश्चिमेचं अंगण शांत राहतं, वास उडून जात नाही.

उंचीही बघा. आई पायरीवर बसतात म्हणालात. बसलेल्या माणसाच्या नाकाच्या उंचीला फुलं आली पाहिजेत. पेटुनियाच्या कुंड्या पायरीच्या कठड्यावर, स्टॉक पायरीच्या अगदी बुडाशी, उंच निकोटियाना मागे भिंतीजवळ. आणि बाहेरचा दिवा पांढरा लख्ख असेल तर मंद पिवळा लावा, नाहीतर त्याला स्विच लावून आई बसल्यावर बंद करा.

पाणी संध्याकाळी पाच-सहाला घाला. तुम्ही तेव्हा घरी नसता, म्हणून आईंच्या हाताशी छोटी झारी ठेवा. ओल्या मातीवर आणि थोड्या दमट हवेत वास जास्त वेळ टिकतो.

मातीचे_हात :

+१. आईंच्या हातात झारी ही सगळ्यात चांगली सूचना. फक्त निकोटियानाची वाळलेली फुलं खुडायचं काम त्यांना देऊ नका, पानं चिकट असतात आणि हात तोंडाला लागतो. पेटुनियाची खुडायला हरकत नाही, जितकी खुडाल तितकी नवीन येतात.

त्रिमूर्तीनगरकर :

तर माझं असं ठरतंय. आता तान्हा पोळा झाला की उंच वाफा करून घेतो, तळाला मुरूम. गुलबक्षीचं बी ठेचाभाऊंच्या वाड्यातून, या पावसाळ्यात उशीर झालाय तरी थोडं लावून बघतो. निकोटियाना अलाटा दसऱ्याला ट्रेमध्ये, स्टॉक दिवाळीनंतर जागेवर, पांढरी-जांभळी पेटुनिया नोव्हेंबरमध्ये नर्सरीतून, संध्याकाळी जाऊन. निशिगंधाचे कंद मार्चमध्ये, चांदवेल पुढच्या जूनमध्ये. मे महिना तेवढा मोकळा राहतोय.

वऱ्हाडी_ठेचा :

मे महिन्यात नागपुरात माणूसच अंगणात बसत नाही, कूलरपुढे बसते. मोकळाच राहू द्या. गुलबक्षीचं बी पुडीत बांधून ठेवलंय, लाल, पिवळी, पांढरी तिन्ही. लक्ष्मीनगर चौकात भेटा, घेऊन येतो.

खडू_फळा :

मे महिन्यासाठी कुंडीतला मोगरा चालेल. कुंडी तुमची, जमीन मालकाची. एप्रिल-मे हाच त्याचा ऐन बहर आणि आपल्या उन्हाला तो घाबरत नाही. जानेवारीत छाटणी आणि पाण्याचा ताण, फेब्रुवारीत खत आणि पाणी. घर सोडताना उचलून न्या.

गुलबक्षीचं बी आणि मुळं विषारी आहेत हेही सांगून ठेवतो. मिरे समजून मुलं तोंडात घालतात.

त्रिमूर्तीनगरकर :

मोगरा कुंडीत, नक्की. ठेचाभाऊ, रविवारी सकाळी नऊला लक्ष्मीनगर चौकात.

कोराडी_रोड :

उशिरा विचारतो. चौथ्या मजल्यावरची बाल्कनी आहे, पूर्वेला तोंड, वारा भरपूर. यातलं काय जमेल?

मातीचे_हात :

पेटुनिया आणि स्टॉक. उंच निकोटियाना वाऱ्यात मोडेल. कुंड्या कठड्यावर नाही, आत भिंतीला लावून खाली ठेवा आणि कठड्याला हिरवी जाळी बांधा, वारा अडेल. निकोटियाना अलाटाचं माझ्याकडे गेल्या हंगामाचं बी भरपूर आहे. ज्यांना हवं त्यांनी दसऱ्याच्या आत व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा, पाकिटात घालून पाठवते. त्यानंतर पेरायला उशीर होईल.